बीजाचा पेला आणि साखरेची कसोटी

पांढुर्णा-सौसरच्या सातपुडा पट्ट्यात बीजा, म्हणजे विजयसार, हा मधुमेहावरचा जुना उपाय. त्याच्या लाकडी पेल्यात रात्रभर ठेवलेले पाणी सकाळी पितात.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने विजयसाराची रुग्णांवर चाचणी घेतली. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, रोज २ ते ४ ग्रॅम औषधाने नवनिदान झालेल्या ९७ पैकी ६७ जणांची साखर १२ आठवड्यांत आटोक्यात आली. निकाल आशादायक खरा. पण तुलनेसाठी औषधाविना गट नव्हता. त्यामुळे श्रेय विजयसाराचे किती आणि पथ्याचे किती, हे ठरत नाही. शिवाय चाचणीत मात्रा मोजलेली होती. पेल्यात ती मोजता येत नाही.

म्हणून पेल्याच्या भरवशावर गोळ्या किंवा इन्सुलिन थांबवू नका. पाणी पीत असाल, तर डॉक्टरांना जरूर सांगा.