टपावरचा गारवा

दिवाळीच्या सुट्टीत गावाकडे निघालेली एसी बस. ऑक्टोबरचं ऊन चढलंय, पडदे ओढलेले आहेत, डोक्यावरच्या झडपा पुऱ्या उघडल्या आहेत, तरी मागच्या बाकांवरून हाक येतेच, "मामा, एसी वाढवा की जरा!" मामा आरशातून बघतात आणि ठरलेलं उत्तर देतात, "गॅस कमी झालाय."

हे निदान आपल्याकडे इतकं रुळलंय की मालक, ड्रायव्हर, प्रवासी सगळे ते मान्य करूनच पुढे बोलतात. मोठ्या गाड्यांच्या एसीचा नाद मला कैक वर्षांचा आहे आणि माझं मत नेमकं उलटं आहे. गारवा कमी पडला की आधी वारा तपासावा, मग वीज, आणि गॅसकडे सगळ्यांत शेवटी वळावं. गॅस काही डिझेलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. कमी झाला असेल तर तो कुठूनतरी गळाला आहे, आणि ती जागा न शोधता वरून भरलेला गॅस त्याच वाटेने जाणार आहे.

आधी या यंत्राचा आवाका लक्षात घेऊ. घरातला एसी दीड टनाचा. बारा मीटर लांबीच्या बसच्या टपावर बसवलेलं युनिट साधारण ३० किलोवॅटचं, म्हणजे साडेआठ टनांच्या आसपास. शांत बसलेला माणूस सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. ४५ प्रवाशांचे झाले साडेचार किलोवॅट. त्यात मोठमोठ्या काचांतून येणारं ऊन, तापलेला टप, मागच्या इंजिनाची धग, आणि मुंबई-कोकणच्या हवेतली दमट वाफ. ती वाफ थंड कॉईलवर पाणी होऊन ठिबकते तेव्हा यंत्राची बरीच ताकद तापमान उतरवण्याऐवजी हवा कोरडी करण्यातच जाते. म्हणून तीच गाडी नगरला गारेगार आणि पनवेलला कोमट वाटते. कारमध्ये अर्धा किलोच्या आसपास गॅस असतो, बसमध्ये कित्येक किलो. तो कंप्रेसरपासून टपापर्यंत लांबलचक नळ्यांतून, हादरे खात फिरतो.

इतिहास उरकून घेते. विलिस कॅरिअर यांनी १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी हवेतला दमटपणा आटोक्यात ठेवणारी यंत्रणा आखली; मोटारीत कारखान्यातूनच बसवलेला एसी पॅकार्ड कंपनीने १९४०च्या मॉडेलवर देऊ केला. आपल्याकडे एसटीची पहिली बस १ जून १९४८ला पुणे-नगर मार्गावर धावली, तिला अर्थातच खिडकीचाच वारा. व्होल्वोच्या बस २००१मध्ये भारतात आल्या, शिवनेरी सुरू झाली, आणि एसी बस ही चैन राहिली नाही. १९८७च्या माँट्रियल करारानंतर ओझोनचा थर विरळ करणारा आर-१२ गॅस मागे पडला, त्याची जागा आर-१३४ए ने घेतली.

आता वारा. मधल्या वाटेच्या छताला जिथून आतली हवा परत वर खेचली जाते तिथे एक जाळी असते. स्लीपर गाड्यांत ही जाळी बघण्यासारखी असते. ब्लँकेट आणि पडद्यांच्या तंतूंची करडी गादीच तिच्यावर बसलेली असते, नखाने उचलली तर सलग पापुद्रा निघतो. एवढ्या अडथळ्यातून हवा खेचता आली नाही की कूलिंग कॉईलवर पुरेसा उबदार वारा पोहोचत नाही. कॉईल शून्याखाली जाते, तिच्यावर बर्फ धरतो, आणि बर्फामुळे उरलासुरला वाराही अडतो. प्रवाशाला जाणवतं ते असं की पहिला तास मस्त गार, मग झडपेतून नुसती फुंकर. ड्रायव्हर चहाला थांबतो, बर्फ वितळतो, गाडी निघाल्यावर पुन्हा गार. 'अधूनमधून चालतो' अशी तक्रार आली की मी डोळे मिटून जाळीकडे बोट दाखवते. ती धुवायला साबण, पाणी आणि अर्धा तास पुरतो.

बाहेरच्या बाजूला कंडेन्सर. आतली सगळी उष्णता इथून बाहेर फेकायची असते. त्याच्या पातळ पत्र्यांत धूळ, काजळी, सुकलेली पानं अडकतात. किनाऱ्यालगत चालणाऱ्या गाड्यांत खाऱ्या हवेने पत्रे कुरतडले जातात. पुष्कळ ठिकाणी ते जोरदार फवाऱ्याने धुतात, त्याने नाजूक पत्रे आडवे होऊन वाट आणखीच बंद होते. मंद धारेने, आतून बाहेरच्या दिशेने धुवावं.

पुण्याबाहेर हायवेलगत एका शेडमध्ये मोठ्या गाड्यांच्या एसीची कामं चालतात. तिथल्या वस्तादांकडे मी जमेल तेव्हा जाते. एकदा एका गाडीत दोन वेळा गॅस भरून झाला होता, तरी दुपारी गारवा नाही. "ताई, वर या," म्हणाले. शिडीने टपावर गेले. त्यांनी वर्तमानपत्राचा तुकडा फाडला आणि कंडेन्सरच्या एकेका पंख्यावर धरला. पहिल्या पंख्याने कागद वर उडवला, दुसऱ्यानेही. तिसऱ्यावर ठेवला तर तो जाळीला चिकटून बसला. पंखा उलटा फिरत होता! कुणीतरी मोटर बदलताना दोन तारांची अदलाबदल केली होती. डीसी मोटर तारा उलट जोडल्या तरी फिरते, फक्त उलटी. शेजारच्या पंख्यांनी बाहेर टाकलेली गरम हवा हा पंखा पुन्हा आत ओढत होता. तारा सरळ केल्या आणि थोड्याच वेळात दाबाचा काटा ३००वरून २२० पौंडांवर उतरला. नव्या गॅसचे पैसे मात्र मालकाने आधीच मोजले होते.

विजेचं थोडक्यात. हे सगळे पंखे आणि ब्लोअर २४ व्होल्टवर चालतात आणि मिळून भरपूर करंट खातात. अल्टरनेटर दमला असेल, मोटरचे कार्बन झिजले असतील तर पंखे फिरताना दिसतात, पण मंद. कंप्रेसरच्या क्लचलाही पुरता व्होल्ट लागतो, नाहीतर तो घसरतो. ढिल्या पट्ट्याचंही तसंच. म्हणून व्होल्टमीटर बॅटरीवर न लावता थेट पंख्याच्या टोकांवर लावावा. आणि खंडाळ्याच्या कोंडीत गाडी उभी असताना गारवा उतरला तर तो बिघाड समजू नये. कंप्रेसर इंजिनावर चालतो. इंजिन मंद तर कंप्रेसर मंद. परीक्षा घ्यायची तर दारं लावून, इंजिन १२०० ते १५०० फेऱ्यांवर ठेवून, पंधरा-वीस मिनिटांनी घ्यावी. जाळीपाशी आत जाणारी हवा आणि झडपेतून येणारी हवा यांत आठ-दहा अंशांचा फरक दिसला तर यंत्र आपलं काम करतंय.

आता माझ्या सगळ्यांत आवडत्या विषयाकडे येते: गेजचे दोन काटे. निळा सक्शनचा, म्हणजे कंप्रेसरकडे येणाऱ्या गॅसच्या दाबाचा; लाल डिस्चार्जचा, म्हणजे तिथून बाहेर पडणाऱ्या गॅसच्या दाबाचा. १३४ए गॅसच्या बाबतीत निळा काटा सुमारे २८ पौंडांवर असेल तर कॉईलमधला गॅस शून्य अंशाला उकळतोय, ४०वर असेल तर सात अंशांना. म्हणजे तो दाबमापक असला तरी जाणत्यासाठी थर्मामीटरच आहे. ३५ अंशांच्या दुपारी लाल काटा २००च्या आसपास असावा, उकाडा वाढला तर थोडा वर.

दोन्ही काटे खाली असतील तर गॅस खरोखर कमी असण्याचा संभव आहे. दोन्ही वर असतील तर कंडेन्सरला वारा नाही, किंवा कुणीतरी प्रेमाने गॅस जास्त भरलाय. कमी गारव्यावर उपाय म्हणून भरलेला जादा गॅस गारवा आणखी कमी करतो, हे मालकांना पटवणं फार कठीण जातं. निळा वर आणि लाल खाली, म्हणजे काटे एकमेकांकडे सरकलेले, तर कंप्रेसरच्या आतल्या व्हॉल्व्हच्या पट्ट्या गेल्या. तो फिरतोय पण दाबत नाही. आणि निळा काटा खाली घसरत पार शून्याच्याही मागे जाऊ लागला तर वाट कुठेतरी तुंबली आहे. ड्रायर चोंदलाय, किंवा नळ्यांत शिरलेलं पाणी एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या तोंडाशी गोठलंय. द्रवाच्या नळीवर काचेचा छोटा डोळा असतो, त्यातला ठिपका कोरड्या गॅसमध्ये हिरवा राहतो, पाणी शिरलं की पिवळा पडतो.

रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत दोन्ही काटे एकाच आकड्यावर येतात, ३० अंशांना साधारण ९७ पौंड. पुष्कळजण त्यावरून 'गॅस भरपूर आहे' म्हणतात. पण नळ्यांत थोडासा जरी द्रव शिल्लक असेल तरी दाब तेवढाच दिसतो; एक किलो असो की सहा. मात्र आकडा त्याहून बराच वर असेल तर ती खूण मोलाची आहे. गॅसमध्ये साधी हवा मिसळली आहे, व्हॅक्युम न करता भरल्याची ती पावती.

काटे अगदी जागच्या जागी आणि तरी बस कोमट, असंही होतं. मग मी दोन गोष्टी शोधते. बाहेरची ताजी हवा घेणारी झडप उघडी अडकली आहे का, आणि ज्या गाड्यांत हीटर आहे तिथे इंजिनाच्या गरम पाण्याचा व्हॉल्व्ह नीट बंद होतो का. तो झिरपत असेल तर एसी गार करतोय आणि हीटर तापवतोय, दोघंही इमानेइतबारे. हीटरच्या नळीला हात लावला की कळतं.

गळती शोधताना तेलाचा डाग बघावा, कारण गॅसबरोबर तेलही बाहेर येतं. पट्ट्यावर चालणाऱ्या कंप्रेसरचं शाफ्ट सील हा पहिला संशयित. मग नायट्रोजनने दाब द्यायचा, साबणाचा फेस लावायचा, गळती बंद करायची, व्हॅक्युम करायचा आणि वजनकाट्यावर तोलून गॅस भरायचा. स्वस्त डब्यांपासून लांब राहावं. २०११मध्ये जहाजांवरच्या शीत-कंटेनरचे कंप्रेसर फुटून कामगार दगावले, ते १३४एच्या नावाखाली विकल्या गेलेल्या भेसळीमुळे. त्यातलं मिथिल क्लोराइड ॲल्युमिनियमशी संयोग पावून हवेत पेट घेणारा पदार्थ तयार करतं.

इलेक्ट्रिक बसमध्ये यातलं काही बदललंय. १ जून २०२२ला पुणे-नगर मार्गावरच 'शिवाई' सुरू झाली. अशा गाड्यांत कंप्रेसर स्वतःच्या मोटरवर चालतो, त्यामुळे कोंडीतही गारवा उतरायचं कारण नाही. तो बहुधा बंद पेटीतला असतो, म्हणून शाफ्ट सीलची गळतीही नाही. पण यातल्या अनेक युनिटांत आर-४०७सी असतो, आणि तो तीन गॅसांचं मिश्रण आहे. गळताना तिन्ही सारख्या प्रमाणात जात नाहीत, म्हणून वरून थोडा भरून भागत नाही. सगळा काढून, तोलून नव्याने भरावा लागतो. शेडमधल्या वस्तादांनी यासाठी नवा वजनकाटा घेतलाय. जाळी मात्र याही गाडीत तीच, छताला, मधल्या वाटेवर, आणि धुण्याची पाळी महिन्यातून एकदा तरी आलीच पाहिजे.