परत न फिरणारी मूठ

काशीच्या दुर्गा घाट आणि ब्रह्मा घाटामागील गल्ल्यांतून मराठी कुटुंबांची वस्ती कित्येक पिढ्यांची आहे. माझे मामेभाऊ त्याच भागात राहतात. त्यांच्या दारापर्यंत चारचाकी पोहोचत नाही. दुचाकी पोहोचते, पण समोरून गाय आली तर स्वाराला भिंतीला टेकून वाट द्यावी लागते. श्रावणात मी त्यांच्याकडे असताना त्यांचा मुलगा आजीला, म्हणजे माझ्या मामींना, मागे बसवून मैदागिनकडे निघाला. चौकातील गर्दी पाहून त्याने मूठ सोडली, पण इंजिनाचा वेग उतरेना. ब्रेक दाबूनही गाडी पुढे ओढत होती. अखेर त्याने चावी फिरवून इंजिन बंद केले. पुढच्या सायकलरिक्षाला चाकाचा निसटता धक्का बसला, यापलीकडे काही घडले नाही. मामी मात्र त्या दिवशी घरी चालतच परतल्या.

ॲक्सिलरेटरची मूठ, बोलीभाषेत ‘रेस’, सोडताच आपोआप मिटली पाहिजे. अशी मूठ अडकली असता ब्रेकइतकाच डाव्या हातातील क्लच महत्त्वाचा ठरतो. क्लच पूर्ण दाबल्याबरोबर इंजिनाची ओढ चाकापासून तुटते. त्या वेळी इंजिन किंचाळल्यासारखा आवाज करते आणि नेमक्या त्या आवाजाने घाबरून नवखा स्वार क्लच सोडून देतो. तसे करू नये. क्लच दाबूनच ठेवावा, इंजिन बंद करण्याचा लाल खटका असल्यास तो, नसल्यास चावी बंद करावी आणि ब्रेक लावीत बाजूला यावे. पुढचा ब्रेकही उजव्याच हातात असतो. तो घाईने आवळताना मनगट वळून मूठ अधिकच उघडण्याची शक्यता असते, याचेही भान ठेवावे.

आता दोषाकडे वळू. मुठीच्या रबराखाली प्लॅस्टिकची एक नळी असते व ती हँडलच्या दांड्यावर फिरते. नळीला अडकवलेली वायर कार्ब्युरेटरमधील सरकता झडपा वर खेचते. मूठ सोडली की तेथील स्प्रिंग झडपेला खाली दाबते आणि वायरीमार्फत मूठही परत फिरवते. म्हणजे परतीचे सारे बळ त्या एका लहानशा स्प्रिंगचे असते. वाटेत कोठेही घर्षण वाढले की ते बळ अपुरे पडते. त्यामुळे मूठ अडकते हे खरे असले, तरी दोष मुठीतच असेल असे नाही. तेलाची पिचकारी घेऊन सर्वत्र तेल सोडण्याची आपली जी सवय आहे, तिने दोष सापडत नाही. चार दिवस लपतो एवढेच.

परीक्षा इंजिन बंद ठेवून, गाडी मधल्या स्टँडवर उभी करून घ्यावी. मूठ पूर्ण उघडून सोडावी. ती ‘टक्’ असा आवाज करीत मिटली पाहिजे. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून हेच पुन्हा करावे. हँडल वळवल्यावरच मूठ जड होत असेल, तर वायर कोठेतरी चेपली आहे किंवा चुकीच्या मार्गाने ओढून नेली आहे असे समजावे.

सर्वांत आधी मात्र मुठीवरील कव्हर पाहावे. हाताला मऊ लागावे म्हणून बसवलेली स्पंजची कव्हरे पावसात भिजतात, सरकतात आणि आतील बाजूस खटक्यांच्या पेटीला घासू लागतात. दुसऱ्या टोकास दांड्याच्या वजनाला रबर घासते. दोन्हीकडे मिलिमीटरभर तरी मोकळी जागा हवी.

एवढ्याने भागले नाही, तर पेटीचे स्क्रू काढून वायरीचे टोक नळीतून सोडवावे. या एका कृतीने शंका निम्म्यावर येते. सुटी नळी दांड्यावर अडखळत असेल तर दोष तेथेच आहे. ती सहज फिरत असेल तर वायरीकडे किंवा त्यापुढे पाहावे. काशीत नळीचा दोष अधिक आढळतो, असे मैदागिनजवळच्या एका वयस्क मिस्त्रींनी मला सांगितले आणि त्याचे कारणही दिले. येथे गंगेची धोक्याची पातळी 71.262 मीटर मानली जाते. पूर ओसरल्यावर घाटांवर साचलेला गाळ वाळतो, त्याची पिठासारखी धूळ उडते आणि नळीतील जुन्या ग्रीसमध्ये मिसळून तिचा लेप बनतो. नळी काढून तो लेप रॉकेलच्या फडक्याने पुसावा, मात्र रॉकेल रबराला लागू देऊ नये. दांड्यावरील गंज बारीक पॉलिश कागदाने घालवावा. नंतर ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवावा. जाड थर दिल्यास पुढच्या धुळीला निमंत्रणच मिळते. गाडी पूर्वी पडली असेल तर दांडा वाकला आहे का, तेही पाहावे.

वायरीचा एक जरी तंतू तुटलेला दिसला, तरी तेल देण्याच्या भानगडीत न पडता वायर बदलावी. तंतू शाबूत असल्यास वायर उभी टांगून वरच्या टोकास कागदाचे नरसाळे बांधावे आणि पातळ तेल थेंब थेंब सोडावे, खालून स्वच्छ तेल येईपर्यंत. काही वायरींना आतून प्लॅस्टिकचे अस्तर असते. त्यांना तेल द्यावे की नाही, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहून ठरवावे. कार्ब्युरेटरची झडप मात्र जाणकाराकडूनच साफ करून घ्यावी. ती उलटी बसली तर पूर्ण खाली येत नाही आणि दुरुस्तीच अपघाताचे कारण ठरते. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 मानके लागू झाल्यानंतरच्या बहुतेक मोटारसायकलींत कार्ब्युरेटरऐवजी इंधन-इंजेक्शन असते. तेथेही मूठ आणि वायर बहुधा तशीच असते, पण पुढील भाग अधिकृत सेवा केंद्राकडे सोपवणे बरे.

जोडणी झाल्यावर मुठीला थोडा मोकळा खेळ ठेवावा. मुठीच्या कडेवर मोजल्यास तो साधारण 2 ते 6 मिलिमीटर असतो. नेमका आकडा पुस्तिकेत दिलेला असतो. मग इंजिन सुरू करून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडल दोन्हीकडे वळवावे. वळवताना इंजिनाचा आवाज चढला तर वायर ताणली जात आहे.

भाच्याच्या गाडीत एकाऐवजी दोन दोष निघाले. कव्हर सरकलेले होतेच. शिवाय नळीच्या तोंडाशी वायरीचे तीन तंतू तुटून बाहेर आले होते. मिस्त्रींनी नवी वायर घातली आणि स्पंजचे कव्हर काढून परत हातात दिले. मामींनी ते पुन्हा बसवू दिले नाही.