आकड्याला छेद हवा!

आरंभी एक छोटेसे कोडे घालतो. एका तालुक्यात ‘अ’ आणि ‘ब’ अशी दोन गावे आहेत, असे समजू या. पिण्याचे पाणी शुद्ध करण्याची एकच योजना करण्यापुरता पैसा हाती आहे. ती कोणत्या गावी आधी करावी? प्राथमिक आरोग्य केंद्राची नोंदवही उघडली, तर गेल्या पावसाळ्यात जुलाबाचे रुग्ण ‘अ’ गावचे ३० आणि ‘ब’ गावचे १२ आलेले दिसतात. तुम्ही चटकन म्हणाल, “मग ‘अ’ गावीच!”

पण जरा थांबा. ‘अ’ गावची वस्ती ६,००० आहे आणि ‘ब’ गावची १,२००. आता भागाकार करा. ‘अ’ गावी हजारी ५ रुग्ण, तर ‘ब’ गावी हजारी १०! उत्तर उलटेच झाले. अपूर्णांकाला जसा अंश आणि छेद असतो, तसाच तो आरोग्याच्या आकड्यालाही असतो. किती जण आजारी पडले हा अंश. कितीजणांपैकी पडले हा छेद. नुसत्या अंशावरून दोन गावांची तुलना करणे म्हणजे वेळ न मोजता अंतरावरूनच वेग ठरवण्यासारखे आहे.

लंडनमधील एक भागाकार

या साध्या भागाकाराने काय साधते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण पाहू. १८५४ साली लंडनमध्ये कॉलऱ्याची, म्हणजेच पटकीची मोठी साथ आली. हा रोग जंतूंमुळे होतो हे तेव्हा मान्य झालेले नव्हते. दूषित हवेने तो पसरतो असाच बहुतेकांचा समज होता. जॉन स्नो या डॉक्टरला मात्र पाण्याचा संशय होता. शहराच्या दक्षिण भागात दोन कंपन्या पाणी पुरवीत. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल ही कंपनी थेम्स नदीचे पाणी शहरातच, बॅटरसी येथे घेई. तिथे नदीत सांडपाणी मिसळलेले असे. लँबेथ कंपनीने मात्र १८५२ साली आपले पाणी घेण्याचे ठिकाण नदीच्या वरच्या अंगाला हलवले होते. काही भागांत तर दोघींचे नळ एकाच रस्त्यावर होते. म्हणजे हवा तीच, वस्ती तशीच, वेगळे फक्त पाणी!

स्नोने अंश कोठून आणला? लंडनच्या निबंधक कार्यालयात प्रत्येक मृत्यूची नोंद होत असे आणि विल्यम फार हे संख्याशास्त्रज्ञ त्या नोंदी नीट लावून ठेवीत. पण मृताच्या घरी पाणी कोणाचे, हे त्या नोंदीत नव्हते. म्हणून स्नो घरोघर गेला. घरच्यांना कंपनीचे नाव सांगता आले नाही, की तो पाण्याचा नमुना घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेट घाले. बॅटरसीच्या पाण्यात भरतीमुळे समुद्राचे मीठ पुष्कळ असे, त्यामुळे पांढरा साका दाट येई. तुमच्या प्रयोगशाळेतील क्लोराइडची परीक्षा ती हीच!

आता छेद. कोणती कंपनी किती घरांना पाणी पुरवते, हे पार्लमेंटपुढे आलेल्या अहवालात होते. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत साउथवर्क अँड व्हॉक्सहॉलच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू झाले. लँबेथच्या २६,१०७ घरांत ९८. नुसते मृत्यू पाहिले तर फरक सुमारे तेरापट वाटतो. दर दहा हजार घरांमागे काढले, तर ३१५ आणि ३८ हे आकडे येतात; खरा फरक आठपटींहून थोडा अधिक. छेदामुळे फरक कमी झाला खरा, पण आता तो कोणाला खोडता येण्यासारखा राहिला नाही.

जे नोंदलेच गेले नाहीत

आता आपल्या दोन गावांकडे परत या. आरोग्य केंद्र ‘अ’ गावातच आहे, आणि ‘ब’ गाव ओढ्यापलीकडे नऊ किलोमीटरवर. पावसाळ्यात ओढ्याला पूर आला की वाट बंद! मग ते १२ रुग्ण म्हणजे ‘ब’ गावातील सारे आजारी नव्हेत; केंद्रापर्यंत पोचू शकले तेवढेच ते. जो जितका दूर, तो नोंदवहीत तितका कमी, आणि मदतीची गरज बहुधा त्यालाच जास्त.

महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेपुढे हाच प्रश्न होता. त्या काळी तिथल्या खेड्यांत बहुतेक बाळंतपणे घरीच होत. घरी जन्मून घरीच गेलेले मूल रुग्णालयाच्या वहीत कुठून यावे? म्हणून संस्थेने गावोगाव जन्म आणि मृत्यू मोजण्याची व्यवस्था उभारली. त्यावरून १९९३ ते १९९५ या काळात ३९ गावांत दर हजार जन्मांमागे सुमारे ६२ बाळे जन्मानंतर २८ दिवसांच्या आत दगावत होती, असे दिसले. गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिल्यावर १९९७-९८ मध्ये हे प्रमाण सुमारे २६ वर आले. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत मात्र ते जवळजवळ होते तेवढेच राहिले. मोजणी नसती, तर आजार कळला नसता आणि उपायाचा गुणही कळला नसता.

आकडे कुठे मिळतात?

आपल्या देशात छेद मुख्यतः जनगणनेतून मिळतो. पण २०२१ सालची जनगणना कोरोनाच्या साथीमुळे ठरल्या वेळी झाली नाही, म्हणून २०११ चा आकडा वापरताना वस्ती दरम्यान वाढली की घटली, हे पाहावेच लागते. जन्म-मृत्यूची नोंद १९६९ च्या कायद्याने सक्तीची आहे. ती ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत होते. आजारांच्या नोंदी उपकेंद्रात आणि आरोग्य केंद्रात असतात. गावातील गर्भवती व लहान मुलांच्या याद्या आशाताई आणि अंगणवाडीताई ठेवतात.

याशिवाय नमुना नोंदणी पद्धती आहे. ती १९६९-७० पासून देशभर चालते. निवडलेल्या भागांत एक स्थानिक गणक वर्षभर जन्म-मृत्यू टिपतो. दर सहा महिन्यांनी दुसरा माणूस त्याची वही न पाहता घरोघर चौकशी करतो. मग दोन्ही याद्या ताडून पाहतात आणि जिथे मेळ बसत नाही तिथे पुन्हा जाऊन खात्री करतात. प्रयोगात आपण एकच वाचन दोघांकडून घेतो ना, तसेच हे!

मात्र एक सावधगिरी हवी. एखाद्या गावात वर्षाला ३० मुले जन्मतात. एका वर्षी एक मूल दगावले, तर दर हजारी ३३. पुढल्या वर्षी दोन दगावली, तर ६७. “बालमृत्यू दुप्पट!” अशी ओरड होईल. पण गायगर गणकयंत्राची टकटकसुद्धा दर मिनिटाला सारखी नसते. मोजणी ४ असेल तर केवळ योगायोगाने तीत सुमारे २ चा चढउतार होतो. १०० असेल तर १० चा, म्हणजे मोजणीच्या वर्गमुळाएवढा. मोजणी वाढेल तसा चढउताराचा वाटा घटतो. म्हणून लहान गावाचे चार-पाच वर्षांचे, किंवा शेजारच्या अनेक गावांचे आकडे एकत्र करून मगच निष्कर्ष काढावा. अर्थात, दगावलेल्या प्रत्येक मुलाची चौकशी मात्र त्याच वर्षी व्हायला हवी.

शिक्षकांच्या मदतीने हे तुम्हालाही करून पाहता येईल. ग्रामपंचायतीत जाऊन गेल्या पाच वर्षांतील जन्म आणि मृत्यूंची फक्त संख्या विचारा. कोणाचे नाव किंवा आजार विचारू नका. आशाताईंकडूनही तेच आकडे घ्या. दोन्ही जुळतात का? जुळत नसतील तर का, याचा शोध घ्या.

आणि आपली योजना? ती ‘ब’ गावाला आधी मिळावी, असे आता म्हणता येईल. पण त्यापूर्वी कोणीतरी ओढा ओलांडून ‘ब’ गावात जावे, आणि घरोघर विचारून तो १२ चा आकडा तपासावा, हे बरे!