आठ ठोकळे

बालोद्यानाचे (किंडरगार्टनचे) जनक फ्रीड्रिख फ्रोबेल हे स्वतःची शाळा काढण्यापूर्वी बर्लिनमध्ये ख्रिश्चन वाइस या स्फटिकशास्त्रज्ञाच्या हाताखाली खनिजसंग्रहाची व्यवस्था पाहत असत, आणि स्फटिकांच्या कडा व पृष्ठे न्याहाळताना सृष्टीच्या घडणीतच भूमिती आहे अशी जी श्रद्धा त्यांच्या ठायी दृढ झाली, तीच पुढे १८३७ पासून ब्लँकनबुर्ग येथे मुलांच्या खेळण्यांत उतरली. या खेळण्यांना ते ‘देणग्या’ म्हणत; त्यांतली तिसरी म्हणजे तिन्ही दिशांनी एकेकदा छेदलेला लाकडी घन. त्याचे आठ सारखे ठोकळे होतात, चार-चारांचे दोन थर होतात, दोन-दोनांचे चार स्तंभ होतात. आणि आमच्या वडीलधाऱ्यांनी पावकी-निमकी छडीच्या धाकाने घोकून जे पदरात पाडून घेतले, ते या बालकांच्या बोटांना शब्दांआधीच उमगे. एक रचना उधळून दुसरी मांडायची नाही, आठही ठोकळे कामी लावून पहिलीतूनच दुसरी घडवायची, असा दंडक असे. अशा निरुपद्रवी उद्योगावर प्रशियाच्या सरकारने १८५१ मध्ये बंदीचा हुकूम काढला; समाजवादी पुतण्याच्या लिखाणाचा राग काकांवर निघाला, एवढेच त्याचे इंगित!

वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट या ठोकळ्यांचे ऋण उतारवयातही मानीत; तथापि एका प्रतिभावंताच्या कबुलीने शास्त्र सिद्ध होत नाही; त्याला प्रयोग लागतो. १९७१ मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर यांनी दहा-दहा घन जोडून केलेल्या आकृत्यांची चित्रे जोडीजोडीने दाखवून ‘या दोन्ही एकच की भिन्न?’ असे विचारले, तेव्हा एक आकृती दुसरीपासून जितक्या अंशांनी फिरलेली, तितक्या प्रमाणात उत्तराचा वेळ वाढत गेला. जणू मनातल्या मनात कोणी ती आकृती सावकाश फिरवीत होते.

आकार असे मनात हाताळण्याच्या या अवकाशबोधाचे गणिताशी असलेले नाते फार लवकर दिसू लागते. डेलावेअर विद्यापीठातील ब्रायन व्हर्डीन आणि सहकारी यांच्या २०१४ च्या अभ्यासात, नमुन्याबरहुकूम ठोकळे जोडणे ज्या तीन वर्षांच्या मुलांना चांगले साधले, त्यांचे प्रारंभिक गणितही सरस आढळले. साहचर्य म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हा विवेक खेळण्यांच्या जाहिरातींत नसतो. वाचकाने तो ठेवावा. त्याच अभ्यासात गरीब घरांतील मुले मागे होती, आणि त्यांच्या पालकांच्या बोलण्यात ‘वर’, ‘खाली’ असे स्थानदर्शक शब्दही कमी येत.

तेव्हा महागड्या संचाची घाई नको. सुताराकडून घासून आणलेले आठ सारखे तुकडे पुरेत. मात्र मूल मनोरा रचीत असता शेजारी बसून कोणता तुकडा वर, कोणता खाली, कोणता मधोमध, हे त्याच्याशी बोलत राहावे.