खोबणीतील मोडी आणि तिचा वाचक

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी राजवटीचे मोडी कागद जपून ठेवलेले आहेत. ज्याला देवनागरी अस्खलित वाचता येते असा मनुष्यही त्यांतला एखादा कागद हाती घेतल्यावर थबकतो. कारण भाषा मराठीच असली, तरी लेखणी न उचलता झरझर लिहिता यावे म्हणून कारकुनाने अक्षरांना दिलेली वळणे ज्याला ठाऊक नाहीत, त्याला मजकूर डोळ्यांसमोर असूनही अप्राप्यच राहतो. ग्रामोफोनच्या तबकडीवरील खोबणीची स्थिती याहून निराळी नाही. तीत गाणे असते, परंतु ते जसे गाइले तसे नसते, आणि ते पुन्हा मूळ रूपात आणणारा जो वाचक सुई व मुख्य ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये बसतो, त्यालाच फोनो प्रीॲम्प्लिफायर म्हणतात.

हे सारे मनात येण्याचे कारण कुंभकोणम. तंजावरपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर, कावेरी आणि अरसलार यांच्यामध्ये वसलेले हे गाव एके काळी तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात होते, आणि मराठी बोलणारी घराणी तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. संगीताच्या दृष्टीने तर हा मुलूख भाग्यवान. व्हायोलिनवादक राजमाणिक्कम पिळ्ळै (१८९८–१९७०) यांनी या गावाचे नाव आपल्या नावापुढे लावले. नादस्वरम्‌वर तोडी आळवून सारा दक्षिण देश भारून टाकणारे राजरत्नम पिळ्ळै (१८९८–१९५६) जवळच्याच तिरुवावडुदुरै मठाशी निगडित होते. आणि त्यागराजांचे तिरुवैयारूही फार लांब नाही. अशा ठिकाणी कोणी रसिक उत्तम टर्नटेबल मांडू लागला, तर त्याच्या कपाटात लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या आणि व्हिनाइलच्या लाँग प्ले या दोन्ही असणार, हे गृहीत धरून पुढचा विचार केला पाहिजे. माझे स्पष्ट मत असे की प्रीॲम्प्लिफायरची निवड किमतीपासून सुरू न करता या कपाटापासून सुरू करावी.

खोबणीत गाणे बदलून का कोरतात? मंद्र स्वर मूळ जोराने कोरले, तर खोबणीला इतके रुंद हेलकावे घ्यावे लागतील की ती शेजारच्या खोबणीत घुसेल, आणि ते टाळण्यासाठी खोबण्या दूर दूर ठेवाव्या तर तबकडीची बाजू पाहता पाहता संपेल. उलट तार स्वरांचे सूक्ष्म कंप मूळ जोराने कोरले, तर ते तबकडीच्या पृष्ठभागाच्या खरखरीत बुडून जातील. म्हणून खालचे स्वर दाबून आणि वरचे उचलून कोरण्याची वहिवाट पडली. तिचे प्रमाण मात्र प्रत्येक कंपनीचे वेगळे असे. पुढे अमेरिकेतील रेकॉर्ड उद्योगाच्या संघटनेने १९५४ मध्ये एकच वक्ररेषा ठरवून दिली, आणि आर. आय. ए. ए. या आद्याक्षरांनी ती जगभर ओळखली जाऊ लागली. १००० हर्ट्झचा स्वर प्रमाण धरला, तर या रेषेबरहुकूम २० हर्ट्झचा स्वर सुमारे एक दशांश आणि २०,००० हर्ट्झचा सुमारे दसपट जोराने कोरला जातो. प्रीॲम्प्लिफायरने नेमके याच्या उलट करावयाचे असते, आणि त्यात चूक झाली तर नादस्वरम्‌चा झगमगाट मंदावतो किंवा तविल या तालवाद्याच्या थापेतील भरदारपणा हरवतो.

दुसरे काम वर्धनाचे. चुंबक हलणाऱ्या, म्हणजे मूव्हिंग मॅग्नेट जातीच्या कार्ट्रिजमधून, म्हणजे सुई बसविलेल्या डबीतून, तीन ते पाच मिलिव्होल्ट इतका दाब निघतो आणि त्याला शंभरपट वर्धन पुरते. मूव्हिंग कॉइल जातीत तोच दाब बहुधा अर्ध्या मिलिव्होल्टहूनही कमी असतो. त्याला हजारपट किंवा त्याहूनही अधिक वाढवावे लागते. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. आपल्या घरातील वीज ५० हर्ट्झची. वर सांगितलेल्या रेषेप्रमाणे ५० हर्ट्झचा स्वर वाचताना १००० हर्ट्झच्या सातपट वाढविला जातो. म्हणजे हजारपट वर्धनाच्या यंत्रात विजेच्या तारांतून शिरलेली गुणगुण सुमारे सात हजारपट होऊन बाहेर पडते. तंबोऱ्याच्या षड्जाखाली अहोरात्र दुसरा, बेसूर षड्ज लागून राहावा, तसा हा प्रकार. म्हणून यंत्र घेण्यापूर्वी सुई उचललेली ठेवून आवाज नेहमीहून थोडा वाढवावा आणि कान स्पीकरजवळ नेऊन ऐकावे. टर्नटेबलची अर्थिंगची तार प्रीॲम्प्लिफायरच्या खिळीला नीट बसविली आहे ना, हे आधी पाहावे, आणि विजेचा ट्रान्सफॉर्मर वेगळ्या पेटीत दूर ठेवता येत असेल तर तो गुण फार मोलाचा मानावा. उष्म्याची धास्ती मात्र निष्कारण आहे. तारेच्या रोधातून निघणारी सूक्ष्म सळसळ तापमानाच्या वर्गमुळाने वाढते, आणि तापमान येथे निरपेक्ष शून्यापासून मोजावयाचे असल्यामुळे २० अंशांवरून ३८ अंशांवर गेले तरी ती जेमतेम तीन टक्क्यांनी वाढते. व्हॉल्व्हचे यंत्र की ट्रान्झिस्टरचे, हा वादही मला गौण वाटतो. दोन्हींत उत्तम नमुने आहेत.

मूव्हिंग मॅग्नेट वापरणाऱ्याने आणखी एक हिशेब मांडला पाहिजे. अशा कार्ट्रिजला ४७ हजार ओहमचा भार द्यावा, हे सर्वमान्य आहे. परंतु जोडणीच्या तारेची आणि यंत्राची विद्युत धारिता मिळून कार्ट्रिजच्या वेटोळ्याशी अनुनाद साधते, ही गोष्ट पुष्कळदा दुर्लक्षित राहते. वेटोळे अर्ध्या हेन्‌रीचे आणि धारिता २०० पिकोफॅरड असेल, तर तो अनुनाद १६,००० हर्ट्झच्या आसपास पडतो. लांब तार वापरून धारिता दुप्पट केली तर तो ११,००० च्या जवळ खाली येतो आणि व्हायोलिनच्या गजाचा स्पर्श कर्कश होतो. ज्या यंत्रात धारिता बदलता येते ते घ्यावे, आणि तार आखूड ठेवावी.

आता लाखेच्या तबकड्या. त्यांतल्या १९५४ पूर्वीच्या तबकड्यांना आर. आय. ए. ए. ची रेषा लागू पडत नाही. १९२५ च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण सुरू झाल्यावर मंद्र स्वर जेथून दाबू लागत तो बिंदू कंपनीपरत्वे साधारण २५० ते ५०० हर्ट्झच्या दरम्यान असे, आणि त्याही आधीच्या, कर्ण्यासमोर गाऊन केलेल्या मुद्रणात विजेने घातलेली अशी कोणतीच रेषा नव्हती. अशा तबकड्या आर. आय. ए. ए. च्या रेषेने वाजविणे म्हणजे शिवकालीन मोडीची वळणे पेशवाई मोडीच्या सवयीने वाचू जाणे. ज्या यंत्रात हा बिंदू आणि वरच्या स्वरांचा उतार बदलण्याची सोय आहे, तेच येथे उपयोगी. जोडीला मोनोची कळ हवी. कारण या तबकड्यांत गाणे केवळ आडव्या हेलकाव्यात असते, आणि दोन्ही वाहिन्या एकत्र केल्या की उभ्या हालचालीतून येणारी खरखर पुष्कळशी परस्पर वजा होते. सुईही निराळी लागते: टोकाची त्रिज्या सुमारे ६५ ते ७५ मायक्रॉन, जिथे स्टिरिओ तबकडीला १३ ते १८ मायक्रॉन पुरते. कावेरीकाठच्या दमट हवेत खोबणीत बुरशी धरते, ती आधी ऊर्ध्वपातित पाण्याने धुवावी. अल्कोहोलचा थेंबही लागू देऊ नये, कारण लाख त्यात विरघळते.

मिरजेला कर्मभूमी मानणारे आणि १९३७ साली मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेत सिंगपेरुमाळ कोइल येथे देह ठेवणारे अब्दुल करीम खाँ यांनी त्यागराजांची कृती तबकडीवर गाइली आहे. ती कुंभकोणमच्या कपाटात मिळाली, तर मोनोची कळ दाबावी, बिंदू ३०० हर्ट्झपाशी ठेवावा, आणि मग तो हळूहळू वर-खाली करीत खाँसाहेबांचा तो बारीक, अणकुचीदार आवाज तंबोऱ्यापासून सुटा होऊन कोठे स्थिरावतो ते ऐकावे. तेथेच थांबावे, आणि तो आकडा पाकिटाच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवावा.