पावसाळ्यात रंग पक्का करणारा दिवा : घ्यावा की न घ्यावा?

बुरोंडीहून एका वाचकबंधूंचे पत्र आले आहे. दापोली रस्त्याला त्यांचे डेंटिंग-पेंटिंगचे लहानसे गॅरेज आहे. अलीकडे गाडी पॉलिश करून तिच्यावर 'सिरॅमिक कोट' चढवण्याचे, म्हणजे डिटेलिंगचे कामही ते घेऊ लागले आहेत. मुंबईच्या एका दुकानदाराने त्यांना तीन नळ्यांचा इन्फ्रारेड दिवा दाखवला आणि 'हा घेतलात तर बारा महिने काम बंद पडणार नाही' असे सांगितले. घरातले दागिने मोडून घ्यावी अशी ही वस्तू आहे काय, असा त्यांचा सरळ प्रश्न आहे. किनाऱ्यावरच्या आपल्या पुष्कळ कारागिरांचा हाच प्रश्न असणार, म्हणून उत्तर येथेच देत आहोत.

अडचण खरी आहे. दापोलीच्या बाजूला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जून-जुलैत मासेमारी बंद असते, मासळी वाहणारे टेम्पो दारात उभे असतात. बर्फाच्या खाऱ्या पाण्याने त्यांचे पत्रे सडलेले असतात आणि मालकाला गाडी सोडायला सवडही त्याच वेळी मिळते. आखातातली कुटुंबे शाळांच्या सुट्टीत जुलै-ऑगस्टमध्ये गावी येतात, त्यांनाही जाण्यापूर्वी गाडी ठीकठाक करून हवी असते. म्हणजे काम ऐन पावसात येते आणि रंग मात्र ऐन पावसातच दगा देतो.

आता दिव्याकडे वळू. तांबड्या रंगाच्या पलीकडे डोळ्यांना न दिसणारे पण उष्णता देणारे किरण असतात, हे विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने १८०० साली थर्मामीटर ठेवून दाखवले. यांनाच अवरक्त किरण म्हणतात. मोटारीच्या रंगाशी त्यांची गाठ अमेरिकेत फोर्डच्या कारखान्यात १९३० च्या दशकात पडली. कोंबडीच्या पिलांना ऊब देणारा तांबडा दिवा आपण पाहिलाच आहे, हा त्याचाच मोठा भाऊ. गॅरेजमधल्या दिव्यात क्वार्ट्झ काचेच्या नळ्या असतात. त्यांतल्या आखूड लहरींच्या किरणांचा मोठा भाग रंगाच्या थरातून आरपार जाऊन खालचा पत्रा तापवतो. गरम हवेने रंग वरून तापतो, येथे तो आतून तापतो. वर साय धरण्याआधी आतला थिनर बाहेर पडू शकतो, हा मोठा फायदा.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. रंग सुकणे वेगळे आणि रंग पक्का होणे वेगळे. जुना ड्युको थिनर उडाला की सुकत असे. आजचा हार्डनर घालून मारायचा क्लिअर कोट थिनर उडाल्यावरही कच्चाच असतो, हार्डनरशी त्याची रासायनिक गाठ बसावी लागते. या हार्डनरचे पाण्याशी वैर आहे. हवेतली वाफ मिळाली की तो रंगाऐवजी पाण्याशी जुळतो, त्यातून वायू सुटतो, बारीक फुगे येतात आणि चमक मरते. हवा २७ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर पत्रा २५ अंशांच्या आसपास आला की त्यावर दव धरते. पहाटेच्या शेडमध्ये एवढा थंड पत्रा सापडणे काही कठीण नाही. म्हणून रंग मारण्यापूर्वी पाच-दहा मिनिटे दिव्याने पत्रा कोमट करून घेणे, हाच आमच्या मते कोकणात या दिव्याचा पहिला उपयोग. दुकानदार तो सहसा सांगत नाही. मग रंग मारल्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबून थिनर उडू द्यावा आणि नंतर दिवा लावावा. गरम हवेच्या बूथमध्ये ६० अंशांवर जे काम अर्ध्या तासात होते, ते दिव्याखाली दहा-पंधरा मिनिटांत होते. थांबायचा धीर नसेल तर अडकलेला थिनर उकळून टाचणीच्या टोकाएवढी भोके पडतात आणि सगळे घासून पुन्हा मारावे लागते.

सिरॅमिक कोटची गोष्ट उलटी आहे. तो हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो आणि ओलावा तर आपल्याकडे फुकट आहे! त्यामुळे केवळ कोटसाठी दिवा लागतोच असे नाही. कोट जुलैत अंमळ लवकरच धरतो, म्हणून लहान तुकडा लावून लगेच पुसावा, नाहीतर पट्टे राहतात. अडचण पुढची आहे. ताज्या कोटवर पाणी पडले तर डाग बसतात आणि गिऱ्हाइकाला संध्याकाळी भर पावसात घरी जायचे असते. पुसून झाल्यावर डब्यावरच्या सूचनेप्रमाणे दिव्याखाली पत्रा तापवला तर कोट पुष्कळ लवकर घट्ट होतो. तरीही गाडी एक रात्र छपराखाली ठेवता आली तर उत्तमच.

अंतराचा अंदाज डोळ्यांनी घेऊ नये. दोन-अडीच फूट ठीक. अंतर निम्मे केले तर पत्र्यावरची उष्णता दुपटीहूनही वाढू शकते. काळा पत्रा पांढऱ्यापेक्षा लवकर तापतो. प्लास्टिकमध्ये उष्णता पसरत नाही, एकाच जागी साठते. आम्ही एकदा घाईत काळ्या बंपरजवळ दिवा लावून चहाला गेलो आणि परत येऊन पाहतो तो बंपर पापडासारखा वाकलेला. त्याची भरपाई खिशातून करावी लागली. तेव्हापासून लांबून तापमान सांगणारा हातातला थर्मामीटर घेतल्याशिवाय आम्ही दिव्याचे बटण दाबत नाही. तो दिव्याच्या मानाने अगदी स्वस्त असतो.

विजेचा हिशेब दुकानदार घाईने उरकतो, तो आपण सावकाश करू. एक-एक हजार वॅटच्या तीन नळ्या म्हणजे तीन किलोवॅट, २३० व्होल्टवर सुमारे १३ अँपिअर. पंधरा मिनिटांना पाऊण युनिट. अख्ख्या गाडीसाठी दिवा बारा जागी लावला तर तीन तास आणि नऊ युनिट. आपल्या बिलावरचा दर लावून पाहा, खर्च भिण्यासारखा नाही. भिण्यासारखी आहे ती वायर. घरगुती प्लगवर कॉम्प्रेसरच्या जोडीने हा दिवा चालवू नये. स्वतंत्र जाड वायर, अर्थिंग आणि पुरेसा मंजूर भार हवा. शिवाय गावात व्होल्टेज १८० वर आले तर नळी जेमतेम दोन-तृतीयांश ताकदीने चालते. घड्याळ पाहून पंधरा मिनिटे मोजणारा कारागीर तेथे फसतो, थर्मामीटर पाहणारा फसत नाही. आणि ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडची कित्येक गावे बरेच दिवस अंधारात होती, हे आपण विसरलेलो नाही. वीजच नसेल तर दिवा म्हणजे लोखंडी स्टँड.

जिवाची काळजी याहून महत्त्वाची. हार्डनरमधल्या आयसोसायनेटमुळे दमा जडतो आणि एकदा जडला की पुढे थोड्याशा वासानेही उसळतो. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. बाहेरची स्वच्छ हवा देणारा मास्क सर्वांत चांगला. दिव्याकडे टक लावून पाहू नये. काचेच्या भट्टीवर वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांना अशाच किरणांनी मोतीबिंदू होत असे. थिनरचा डबा आणि चिंध्या दूर ठेवाव्यात, रंग फवारताना दिवा बंदच असावा. नळीला उघडा हात लावू नये आणि गरम असताना स्टँड ओढू नये.

तर पत्रलेखक बंधूंना आमचे उत्तर असे. आपण पत्रात शेडच्या एका बाजूला ताडपत्री असल्याचे लिहिले आहे. पहिला पैसा तेथे घाला : भिंत, पन्हळ आणि पाणी बाहेर जाणारी फरशी. झड आत येत असेल तर दहा दिव्यांनीही काम सुधारणार नाही. दागिने मोडू नका. एका नळीचा दिवा घ्या. बोनेटचा कोपरा, दरवाजा, टेम्पोचा फाळका, आपले निम्म्याहून अधिक काम एवढेच असते. डिटेलिंगची गिऱ्हाइके वाढली तर त्यांच्याच पैशांतून मोठा दिवा येईल. आणि कोट विकताना हेही सांगा की हा थर केसाहून कितीतरी पातळ आहे, दगडाचा टवका तो अडवत नाही आणि आत लागलेला गंज झाकून बरा होत नाही. मालातली उणीव सांगून माल विकावा, हे आपल्या व्यापाऱ्यांना नव्याने शिकवायला नको.

दिवा आणलात तर मेमध्येच आणा. भंगारवाल्याकडून एक जुने बोनेट आणि एक फुटका बंपर घ्या आणि पहिला पाऊस पडेपर्यंत त्यांच्यावरच हात बसवा.