सव्वीस आठवडे

आधी साध्या पाण्यानं चूळ भरायची. मग घरापासून थोडं लांब, मोकळ्या हवेत उभं राहून दोन-तीन खोल श्वास घ्यायचे आणि पोटापासून खोकायचं. नुसती लाळ चालत नाही, छातीतला घट्ट बेडका हवा. गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरी तालुक्यात गावची आरोग्य कार्यकर्ती आशाताई हे करून दाखवते तेव्हा समोरचा माणूस बहुधा संकोचतो. सून असेल आणि ओसरीवर सासरे बसले असतील तर जास्तच. मग ताई तिला मागच्या वाडीत नेते. एक नमुना तिथल्या तिथे घ्यायचा, दुसरा दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याबरोबर. झाकण घट्ट लावायचं, नाव-तारीख लिहायची आणि नळी गारव्याच्या डब्यात ठेवून पुढे पाठवायची.

पुढच्या सहा महिन्यांचं औषध या नळीवरून ठरतं. नुसत्या सूक्ष्मदर्शकाखाली क्षयाचे जंतू दिसतात, पण त्यांच्यावर कोणतं औषध चालेल ते दिसत नाही. ते लवकर कळायला जंतूचा डीएनए तपासावा लागतो. गोव्याच्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट यंत्र यासाठीच आहे. ते बॅटरीवर चालतं, त्यामुळे वीज गेली तरी काम अडत नाही. बेडका रासायनिक द्रवात पातळ करतात, एक यंत्र त्यातला डीएनए वेगळा काढतं आणि त्याचा बारीकसा थेंब चिपवर सोडला की तासाभरात जंतू आहे की नाही ते समजतं. असेल, तर तोच डीएनए दुसऱ्या चिपवर घालून रिफाम्पिसिन हे क्षयावरचं मुख्य औषध लागू पडतं का ते बघतात. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 मध्ये या तपासणीची शिफारस केली.

रिफाम्पिसिनला दाद न देणारा जंतू निघाला की पुढच्या तपासण्यांसाठी नमुना नागपूरच्या संदर्भ प्रयोगशाळेकडे जातो. वैनगंगेचा पूल, ब्रह्मपुरी, नागभीड, भिवापूर, उमरेड असा त्याचा रस्ता. घरी मात्र तोवर कुजबुज सुरू झालेली असते: गोळ्या नीट घेतल्या नसतील. हा आरोप पुष्कळदा अन्यायाचा असतो. औषध अर्धवट सोडल्यानं जंतू निगरगट्ट होतो हे खरं, पण तसा झालेला जंतू हवेतून थेट दुसऱ्याच्या छातीतही जातो. आयुष्यात क्षयाची एकही गोळी न घेतलेल्या माणसाला पहिल्याच वेळी औषधांना न जुमानणारा टीबी होऊ शकतो.

काही वर्षांपूर्वीपर्यंत यावरचा उपचार दीड-दोन वर्षं चालायचा आणि त्यात कित्येक महिने रोज इंजेक्शन असायचं. त्या इंजेक्शनांनी अनेकांचे कान गेले. मुंबईची पत्रकार नंदिता वेंकटेशन त्यांतलीच एक. बेडाक्विलिन ही नवी गोळी 2016 मध्ये भारतात आली तेव्हा ती देशातल्या फक्त सहा मोठ्या केंद्रांत मिळत होती. मूळ कंपनीनं तिच्या एका क्षाररूपावर वेगळं पेटंट मागितलं. ते मिळालं असतं तर स्वस्त पर्यायी गोळी 2027 पर्यंत अडली असती. नंदिता आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले या दोघींनी फेब्रुवारी 2019 मध्ये त्याला हरकत घेतली. फुमेझाचीही श्रवणशक्ती अशाच उपचारात गेली होती. मार्च 2023 मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयानं कंपनीचा अर्ज फेटाळला आणि त्याच जुलैत मूळ पेटंटही संपलं. सहा महिन्यांच्या गोळ्यांचा आंतरराष्ट्रीय खरेदीचा भाव तेव्हा 289 डॉलर होता. ऑगस्टमध्ये तो 130 ते 194 डॉलरवर आला. पुरवठादारांत आता मुंबईची ल्युपिनही होती.

सप्टेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारनं या टीबीसाठी चार औषधांच्या सव्वीस आठवड्यांच्या उपचाराला मान्यता दिली. यात इंजेक्शन नाही. पहिले दोन आठवडे बेडाक्विलिनच्या चार गोळ्या रोज घ्यायच्या. तिसऱ्या आठवड्यापासून दोनच, आणि त्याही आठवड्यातून तीन दिवस. प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन मात्र रोज, काहीतरी खाऊनच. घोटाळा होतो तो इथे. एके दिवशी पाच गोळ्या आणि दुसऱ्या दिवशी तीनच का, हे आजारी माणसाच्या लक्षात कसं राहावं? म्हणून भिंतीवरच्या कालनिर्णयावर खुणा केलेल्या बऱ्या.

गोळ्या सुरू करण्याआधी ईसीजी काढतात, कारण यातली काही औषधं हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतात. लिनेझोलिडनं रक्त कमी होतं, तळपायाला मुंग्या येतात, नजर अंधूक होऊ शकते. गडचिरोलीत सिकलसेल हा रक्ताचा आजार घरोघरी माहीत आहे. इथल्या अनेक बाया-माणसांचं हिमोग्लोबिन औषधाआधीच खाली असतं. त्यामुळे इथे रक्ततपासणीची एक तारीखही चुकवून चालत नाही. पायाला मुंग्या येतात हे पेशंट आपण होऊन डॉक्टरला सांगत नाही, ते त्याला विचारावं लागतं. स्वतःच्या भाषेत, घाई न करता विचारणारी बाई दारात येते म्हणून ते वेळेवर कळतं.

गावातल्या बाईवर असं औषध सोपवावं का, या प्रश्नाचं उत्तर याच जिल्ह्यानं फार पूर्वी दिलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं 1988 मध्ये मुलांच्या न्यूमोनियासाठी गावातल्या कार्यकर्त्यांच्या आणि दाईंच्या हाती कोट्रायमॉक्साझोल दिलं. मोठे आकडे मोजता न येणाऱ्या दाईंसाठी वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं श्वासमोजणीचं साधन बनवलं. श्वास मोजत मणी सरकवायचे; वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलं तर न्यूमोनिया. पुढे 1995 पासून शिकवून तयार केलेल्या गावातल्याच स्त्रियांनी 39 गावांत नवजात बाळांची घरी काळजी घेतली, जंतुदोष झालेल्या बाळांना जेंटामायसिनची इंजेक्शनंही दिली. अशा बाळांतलं मृत्यूचं प्रमाण 16.6 टक्के होतं, ते 2.8 टक्क्यांवर आलं. 'लॅन्सेट'नं हे 1999 मध्ये छापलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जी फेरी मारते तिचं मूळ या कामात आहे.

बेडाक्विलिनचे ते 130 डॉलर म्हणजे तेव्हाचे साधारण अकरा हजार रुपये. या टीबीचा पूर्ण उपचार करून घेणाऱ्या मदतनिसाचं मानधन पाच हजार आहे. पेशंटला पोषणासाठी पूर्वी महिन्याला 500 रुपये मिळत, नोव्हेंबर 2024 पासून 1000 मिळतात. एवढ्यावर मजुरी बुडवून कुणी सव्वीस आठवडे घरी बसत नाही. धान निघालं की आरमोरीकडची कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात जातात, ती दोन-अडीच महिन्यांनी परततात. पेशंटच्या सरकारी नोंदणीचा निक्षय क्रमांक दाखवला की तिथल्या सरकारी दवाखान्यातही गोळ्या मिळू शकतात. पण त्यासाठी मुक्काम कोणत्या गावात, जवळचा दवाखाना कोणता, मुकादमाचा फोन कोणता, हे आधी ठाऊक हवं. आशाताई ते विचारून वहीत लिहून ठेवू शकते. तेवढ्यानं भागणार नाही. उपचार चालू असलेल्या मजुरांची यादी हंगामाआधीच दोन्ही राज्यांच्या क्षयरोग कार्यालयांत पोचलेली हवी, आणि ईसीजी-हिमोग्लोबिनच्या पुढच्या तारखाही त्या यादीत लिहिलेल्या हव्यात.